पाय खाणारी मशीन

त्या घरात उजवा पाय कुणाचा वाचवायचा हे एका दुपारी ठरलं, आणि त्या बोलण्यात मुलीच्या पायाचं नावही निघालं नाही.

शिंप्याचं घर. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मध्ये जाड पडदा. आजोबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि आता बाबांचाही. दोघांनी आयुष्यभर पायमशीन मारलेली. दोघांच्या उजव्या अंगठ्याला साधी जखम झाली, ती भरली नाही, काळी पडली आणि वर चढत गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, साखर आहे. बाबांना ते काही केल्या पटलं नाही. माणूस पडद्याच्या दोरीसारखा वाळलेला, चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायचा.

"ज्यानं गोडाला तोंड लावलं नाही त्याला साखर?" बाबा खाटेवरून म्हणाले. "डॉक्टरनं दुसऱ्याचाच कागद वाचला असणार. माझं ऐका. ही मशीन पाय खाते. माझ्या बापाचा खाल्ला, माझा खाल्ला. राजाचा मी खाऊ देणार नाही."

राजा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचं वय तेव्हा शाळा सोडण्याचं. घरात सगळे त्याला राजाच म्हणत, आणि तोही त्या नावाला जागत असे.

महिन्याभरात राजासाठी नवी मशीन आली, मोटर लावलेली. बटण दाबलं की घर्र करून सुई धावायची, पाय नुसता टेकवून ठेवायचा. सगळे कौतुकानं बघत उभे होते. ती मागे इस्त्री करत होती. सतरा वर्षांची होती आणि बाबा आजारी पडल्यापासून दुकानातली निम्मी शिवण तिच्याच पायावर चालली होती.

"बाबा, माझ्या मशीनला पण मोटर लावा ना. मी पण पायच मारते."

बाबा हसले. रागानं नव्हे, लहान मुलानं चंद्र मागावा तसे हसले. "तुझा पाय खाऊन मशीन काय करणार? तू काय इथं राहणार आहेस थोडीच!"

आई हसली, राजा हसला. नंतर आईनं स्वयंपाक करता करता हळूच सांगितलं, "उगाच मध्ये बोलू नये गं. त्याला पुढं दुकान चालवायचंय."

आजोबांची, मग बाबांची ती काळी पायमशीन आता कायमची तिच्या वाट्याला आली. दुकानाच्या मागच्या भिंतीला, मोरीच्या दाराशी तिची जागा ठरली. नव्या जागेवर पहिल्या दिवशी तिनं लोखंडी जाळीवर पाय ठेवला आणि मनात म्हणाली, खा बाई. तुला दिलंय मला.

मशीननं काही तिचा पाय खाल्ला नाही. लग्न झालं तेव्हा मशीन तिथंच राहिली, आणि नवरा कामाला म्हणून दूर गेला तो तिकडचाच होऊन बसला तेव्हा ती परत येऊन त्याच मशीनशी बसली. तोवर आई गेली होती, बाबा गेले होते, राजाचं लग्न झालं होतं. मागच्या खोलीत आता भावजयीचा संसार होता. राजाच्या या ताईनं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, चढावरच्या एका घरात जिन्याखालची खोली घेतली. सकाळी उतरून यायचं, संध्याकाळी चढून जायचं. गल्लीत तिला मागची ताई म्हणत, आणि भावाला मोटरवाले शेठ.

शेठ बसले की उठत नसत. आधी स्टूल होतं, मग पाठीला टेकायची खुर्ची आली, मग गादीची, मग चाकांची. चाकांची आल्यावर तर गिऱ्हाइकापर्यंतसुद्धा ते खुर्ची ढकलतच जात.

"ताई, रीळ."

ती पाय थांबवून उठायची, रीळ द्यायची.

"ताई, कात्री कुठं गेली?"

"तुझ्या मांडीवर आहे."

"मग तसं सांग ना. आणि आलीच आहेस तर या साहेबांचं माप घे."

समोरच्या दुकानातून दिवसातून कितीदा तरी त्याला काही ना काही यायचं. तळलेलं, गोड, थंड बाटल्या. दुपारी तो पोटभर जेवायचा आणि खुर्चीतच घोरायचा. ताईसाठी भावजय डबा झाकून ठेवायची, त्यात जे उरलंय ते. ताईनं कधी झाकण उघडून तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तरी कुणाला दिसणार होतं म्हणा, ती भिंतीकडे तोंड करून जेवायची.

हळूहळू शेठांचं पोट मशीनच्या फळीला टेकायला लागलं. मशीन पुढे सरकवावी लागली. शेजारचा न्हावी दारात उभा राहून म्हणाला, "शेठ, पुढच्या वर्षी मशीन रस्त्यावर न्यावी लागेल. आत तुम्ही आणि पोट, दोघांना जागा पुरायची नाही."

"जळ तू," राजा हसून म्हणाला. "खात्यापित्या घरचा आहे."

"पण शेठ, तुमच्या घरात ते साखरेचं आहे ना? वडिलांना होती म्हणतात."

"वडिलांना मशीननं खाल्लं. मी कुठं पाय मारतोय?"

तो हे गमतीनं म्हणत नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं. घरात शिरणारा चोर मागच्या दारानं येतो हे बापानं हेरलं, दाराला कुलूप घातलं, आता कसली भीती? मोटर म्हणजे त्याचं कुलूप होतं. मागे मोरीशी ताई पाय मारत होती. चोराला यायचंच असेल तर तिकडे ये म्हणून जणू तिला दारात बसवून ठेवलं होतं.

चाळिशी गाठायच्या आत त्याला तहान लागायला लागली. बाटल्यांवर बाटल्या रिचवायचा आणि दर थोड्या वेळानं मोरीकडे जायचा. तेवढंच त्याचं चालणं. "उकाडा केवढा आहे," म्हणायचा. मग पायाला मुंग्या येतात म्हणायला लागला. "बसून बसून येतात." हे तेवढं तो खरं बोलला, पण पुढं विचार केला नाही.

एकदा ताई दुकान झाडत होती. जमिनीवर पडद्याचं फिकट कापड पसरलं होतं, त्यावर तपकिरी ठिपके दिसले. एकामागून एक, मोटरच्या मशीनपासून मोरीपर्यंत.

"कुणाला लागलंय?"

"कुणाला नाही," राजा म्हणाला. "कापड बदलून घे, मिलवाल्यानं डाग पाडून पाठवलंय."

ताई खाली वाकली. त्याचा उजवा तळवा उचलून बघितला. मोडक्या सुईचं टोक आत रुतलेलं, भोवतीचं मांस फुगून पिवळं पडलेलं. ते आजचं नव्हतं.

"राजा, दुखत नाही तुला?"

"काय?"

तिनं बोटानं दाबलं. पू आला. तो खुर्चीवरून खाली वाकून बघत होता, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा.

"बाबांना पण दुखत नव्हतं," ती म्हणाली. त्यावर तो दवाखान्यात यायला तयार झाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सडेतोड. त्यांनी जखम धुतली, रक्त तपासलं, आणि आकडा बघून मान हलवली. घरात आणखी कुणाला आहे, विचारलं. ताईनं आजोबा, बाबा सगळं सांगितलं. भावजय रडायला लागली.

"मी सांगतो डॉक्टर," राजा म्हणाला. "आमच्याकडे मशीन मारणाऱ्यांना होतं. मी तर मोटरवर असतो."

डॉक्टरीणबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मशीननं पाय जात नाही हो. साखरेनं जातो. आणि साखर गोड खाल्ल्यानंच होते असंही नाही, तुमचे वडील बारीक होते तरी त्यांना झाली. रक्तातून काही गोष्टी येतात. एक नाही, कितीतरी बारीकसारीक. आजोबांकडून वडिलांना, वडिलांकडून तुम्हाला. त्यांच्यामुळे धोका वाढतो. पण आल्या म्हणजे ठरलंच असं नसतं. बाकीचं बसणं, खाणं, वजन. तुमच्या वडिलांना पन्नाशीनंतर झाली. दिवसभर पाय तरी हलत होते त्यांचे. तुम्हाला चाळिशीच्या आत झाली."

"म्हणजे आली तर बाबांचा दोष, बसलो तर माझा. डॉक्टर लोकांचा दोष कधी नसतोच."

"दोष कुणाचा नाही. पण बसणं तुमच्या हातात होतं."

"हातात नव्हतं, खाली होतं," राजा म्हणाला आणि स्वतःच हसला. कुणी हसलं नाही.

मग डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या. "तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुमचंही रक्त द्या."

ताईचा निकाल आला तो काठावरचा. साखर नाही, पण नाही म्हणण्यासारखीही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता, खाता काय, चालता किती. ताईनं सांगितलं. चढ, उतार, पायमशीन, दिवसभराची उठबस, डब्यातलं उरलेलं.

"हेच धरून ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तातही ते आलेलं असेल, किंवा नसेल, एका माणसापुरतं नक्की कुणी सांगू शकत नाही. पण इतकी वर्षं ते थोपलं असेल तर या हालचालीनं थोपलं असावं. आता आराम म्हणून बसून राहू नका."

राजाला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार नाही, गोळ्या वेळेवर, बाटल्या बंद, तळलेलं बंद, आणि जखम भरली की रोज चालायचं. पाय वाचू शकतो, पण आता हलगर्जी नको. रस्त्यानं येताना रिक्षात तो बांधलेल्या पायाकडेच बघत होता. ताईला वाटलं, मनावर घेतलंय. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

आठवड्यानं सकाळी ती दुकानात शिरली तर तिच्या मशीनवरचं सगळं काढून खाली ठेवलेलं. भावजय फडक्यानं मशीन पुसत होती.

"ताई, आम्ही काय म्हणतो," भावजय गोड आवाजात म्हणाली, "ही मशीन पुढे घेऊ या. हे मारतील. तुम्ही इकडे मोटरवर बसा. तुम्हालाही आराम पडेल, वय झालं आता."

ताईनं भावाकडे बघितलं. तो चाकांच्या खुर्चीत, पाय पट्टीत बांधून स्टुलावर ठेवलेला. बाजूला थंड बाटली होती, अर्धी संपलेली.

"डॉक्टरनी पाय टेकवायलासुद्धा मनाई केलीय."

"लगेच कोण मारतोय? आधी जागेवर तर येऊ दे. चार दिवसांनी मारीन. त्या बाई बोलल्या ना, पाय मारण्यानं थोपतं म्हणून."

"चालायला सांगितलंय त्यांनी. बाटली बंद करायला सांगितलंय. ते ऐकलंस का?"

"ऐकलं गं. एका दिवसात सगळंच सोडू? आधी मशीन."

"आणि मी?"

"तुला काय झालंय?"

"मी काठावर आहे, राजा."

"काठावर म्हणजे पडली नाहीस ना!" तो वैतागला. मग आवाज उतरवून म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला, "बाबांना सगळं कळत होतं. चांगली मशीन बरोबर तुला दिली त्यांनी. त्यांचा जीव तुझ्यावरच होता. मला मोटर देऊन वाटेला लावलं."

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. इस्त्रीचा वास, बाबांचं हसणं, आईचं ते हळूच बोलणं, सगळं काल घडल्यासारखं समोर आलं. खा बाई, तुला दिलंय मला.

"मी मोटर मागितली होती," ती म्हणाली. "सतराव्या वर्षी. सगळ्यांसमोर. तू हसला होतास."

"कधी? मला नाही आठवत."

त्याला खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"उद्या हलवू," भावजय म्हणाली. "आज तुमची शिवण उरकून घ्या."

त्या संध्याकाळी ताई चढ चढून खोलीवर आली आणि देवापुढे बसली. काय मागावं ते सुचेना. भावाचा पाय वाचू दे म्हणावं तर मन सरळ वळेना, मध्ये आपलाच पाय आडवा येई. आपला वाचू दे म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना, इतकं स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती. शेवटी ती नुसतीच हात जोडून बसली. देवाला सगळं माहीत असतं, मग त्याला आज सांगायचं तरी काय, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचीही लाज वाटली.

सकाळी ती दुकानात आली ती हातगाडीवाल्याला घेऊन. पट्टा काढला, मशीनचं वरचं तोंड वेगळं केलं, फडक्यात गुंडाळलं. हातगाडीवाल्यानं खालचा लोखंडी सांगाडा उचलला.

"ए ताई! हे काय चाललंय?" राजा खुर्चीवरून ओरडला. खुर्ची ढकलत पुढे आला, पण उंबऱ्याला चाक अडलं. "बाबांची मशीन आहे ती!"

"बाबांनी मला दिली ना? जीव होता म्हणून?" ताई म्हणाली. "मग माझीच."

भावजयीनं तोंड वाजवायला सुरुवात केली. न्हावी कात्री हातात घेऊन दारात आला, त्याचं अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईकही मागोमाग आलं. "आजारी भावाच्या तोंडचं औषध नेतेय हो ही!" भावजय गल्लीला ऐकवत होती. ताई गाडीच्या मागे चालायला लागली. चढावर हातगाडीवाल्याला धाप लागली तेव्हा तिनंही मागून हात लावला.

जिन्याखालच्या खोलीत मशीन दाराशी मांडली. हळूहळू कामं यायला लागली. बाह्या आखूड करायच्या, चेन बदलायची, शाळेचे गणवेश. पोट भरण्याइतकं. दुकानातलं मात्र तिला लोकांच्या तोंडूनच कळायचं. राजा गोळ्या घेतो, पण अधूनमधून. चालत नाही. खरं औषध तर बहीण घेऊन गेली, म्हणतो, आता या गोळ्यांनी काय होणार? बाटल्या चालू आहेत. जखम वरून भरली, आतून नाही.

ती दोनदा गेली. एकदा भाजी घेऊन, एकदा डॉक्टरीणबाईंचा निरोप घेऊन. भावजयीनं दोन्ही वेळा पडदा उघडला नाही. आतून म्हणाली, "झोपलेत." चाकांचा आवाज मात्र बाहेर ऐकू येत होता.

पाय गेला तो गुडघ्याखाली, उजवाच.

ताई दवाखान्यात गेली. राजा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. एवढा मोठा माणूस त्या चादरीखाली एका बाजूनं सपाट झालेला. तिला रडू फुटलं, आणि ते खरं होतं. लहानपणी या पायाला तिनंच मोजे चढवले होते.

"आलीस?" तो न वळता म्हणाला. "ठेव आता तुझी मशीन. मारायला पाय कुठाय?"

"वेळेवर दिली असतीत तर," भावजय म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बाटली, खुर्ची, न घेतलेल्या गोळ्या, डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द. पण कापलेल्या पायापुढे उभं राहून ते बोलायचं म्हणजे जिंकल्यासारखं दिसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "राजा, तुझ्या पोराचं रक्त तपासून घे. तो लहान आहे तोवर त्याला उठून चालायची सवय लाव. तुला रीळ लागलं तर त्यालाच उठू दे."

राजा आता वळला. डोळे लाल होते. "त्याची काळजी मी केलीय. तुझ्यामागं ती मशीन त्याला द्यायची. आत्ताच सांगून ठेवतोय. निदान त्याच्यावर तरी अन्याय करू नकोस."

"मशीनचं काही नाहीये रे त्यात."

"तुला राखली ना तिनं? मग कशी काही नाही?"

बाबांनी सांगितलेली गोष्ट त्यानं जशीच्या तशी ठेवली होती, नुसती उलटी केली होती. तेव्हा मशीन पाय खात होती, आता मशीन पाय राखत होती. या दोन्हींच्या मधली साधी गोष्ट त्या घरात कुणाला नको होती, कारण ती ऐकली तर खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

आता मोटरच्या मशीनवर पोरगा बसतो. खुर्ची तीच. शेठ बाजूला काठी घेऊन बसतात आणि पोराला सांगतात, "तुझी आत्या गेल्यावर मिळेल ती तुला." पोरगा बटण दाबतो. समोरच्या दुकानातून त्याच्यासाठी काही ना काही येत असतं.

ताई वर्षातून एकदा रक्त देते. अजून काठावरच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, छान, असंच चालू ठेवा. देवाचे आभार मानून ती चढ चढते.

गल्लीत मात्र बोलणं ठरून गेलंय. बहिणीनं मशीन दिली नाही म्हणून भावाचा पाय गेला. कुणी तोंडावर बोलत नाही. बायका कपडे घेऊन दाराशी येतात, गाठोडं टेकवतात, आणि आधी वाकून मशीनखाली बघतात, चोराच्या हाताकडे बघावं तसं तिच्या उजव्या पायाकडे. पाय चालत असतो. ती तो थांबवते, चष्मा वर करते आणि विचारते, "लांबी किती ठेवायची?"